कात्री चालवायच्या आधी एकदा येळ्ळूरच्या बांधावर या

प्रति,
मा. कुलगुरू आणि भातावर काम करणारे सर्व शास्त्रज्ञ,
कृषी विज्ञान विद्यापीठ, धारवाड

स. न. वि. वि.

गणपती गेले, की आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात एक गोष्ट दरवर्षी होते. चार दिवस ढगाळ हवा राहते, रात्री दव पडतं, आणि मग संध्याकाळी शेतातून परतणाऱ्या बायकांपैकी कुणाच्या तरी हातात भाताचं एक पान असतं. पानावर डोळ्याच्या आकाराचा ठिपका, कडेला तपकिरी, मधे राखेसारखा. ते पान हातोहात फिरतं. नाव घ्यायची गरज पडत नाही. करपा आलेला असतो.

पानावरचा करपा माणूस सोसतो. मानेवरचा सोसवत नाही. लोंबी बाहेर पडते त्या आठ-दहा दिवसांत बुरशी मानेत शिरली, की दाणा भरायचा थांबतो. भरलेली लोंबी वाकते, पोचट लोंबी ताठ उभी राहते. म्हणून राजहंसगडाच्या चढावरून खाली बघितलं तरी कुणाचं किती गेलं ते दिसतं. ज्याचं भात ऐटीत उभं, त्याचं नुकसान जास्त.

मी इथं साडेतीन एकर भात करते. त्याआधी अठ्ठावीस वर्षं मराठी शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे गावात मला अजूनही ‘बाई’च म्हणतात आणि पेपरात शेतीविषयी काही अवघड छापून आलं, की ते समजून घ्यायला माझ्या पडवीत येतात. ४ मे २०२५ ला दिल्लीत केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक संपादनातून तयार झालेली भाताची दोन वाणं जाहीर केली, तेव्हाही आले. पहिला प्रश्न पडला तो असा: “बाई, कापसातलं बीटीच काय हे?”

नव्हे, असं मी सांगितलं, आणि कसं नव्हे ते फळ्यावर लिहून दाखवलं. बीटीमध्ये जमिनीतल्या एका जिवाणूचं आख्खं वाक्य उचलून कापसाच्या वहीत चिकटवलं आहे. संपादनात वही तीच, अक्षर तेच. फक्त एका ओळीतला एखादा काना खोडायचा. ‘मार’मधला काना गेला की ‘मर’ उरतं, अर्थ बदलतो. खोडायचं काम क्रिस्पर नावाची कात्री करते. ती नेमक्या जागी धागा तोडते, पेशी तो घाईनं सांधते, सांधताना चूक होते, आणि ती चूक आपल्याला हवी असते. कात्री आत नेण्यासाठी जे परकं काही घालावं लागतं ते पुढच्या पिढीत निवडून काढून टाकतात. हे शोधणाऱ्या दोन बायकांना, एमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना, २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते ऐकून आमच्या पडवीत जरा हालचाल झाली. कात्री चालवणं बायकांनाच जमणार, अशी एक शेरेबाजीही झाली.

म्हणजे हे पत्र विरोधाचं नाही, एवढं आधीच सांगते. मला कात्रीची भीती वाटत नाही. मला विचारायचं आहे ते वेगळं: कापायला घेतलेलं वाण कुणी निवडलं?

जाहीर झालेल्या दोन वाणांपैकी ‘कमला’, म्हणजे डीआरआर धान १००, हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेनं सांबा मसुरीतून काढलं. दाण्यांची संख्या आवरून धरणारं एक जनुक त्यात बंद केलं. लोंबीला दाणे जास्त, पीक सुमारे वीस दिवस आधी तयार, उत्पादन १९ टक्के जास्त, असं भारतीय कृषी संशोधन परिषदेचं म्हणणं. दुसरं ‘पुसा डीएसटी राइस १’, एमटीयू १०१० मधून, क्षार सोसणारं. कमलाच्या शिफारशीत कर्नाटकही आहे आणि महाराष्ट्रही, म्हणजे निदान या बाबतीत आम्ही दोन्हीकडचे. पण सांबा मसुरी आणि एमटीयू १०१० ही दोन्ही मुळात आंध्रची वाणं. अथणी-रायबागकडे कृष्णेकाठी जमिनी क्षारपड झाल्यात हे खरं, पण तिथं भात नाही, ऊस आहे. आणि आमच्याकडे भात आहे, तर आमचं दुखणं क्षार नव्हे. करपा आहे.

आता आमच्या वाणाबद्दल. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात जो बारीक, वासाचा तांदूळ पिकतो त्याला आम्ही बासमती म्हणतो. कायद्यानं म्हणता येत नाही. बासमतीचं भौगोलिक मानांकन उत्तरेकडच्या सात राज्यांपुरतं आहे. असू दे. पातेल्यावरचं झाकण काढलं की शेजारघरी कळतं, एवढा पुरावा आम्हाला बास आहे. या भाताच्या दोन खोडी. एक, तो उंच वाढतो आणि दिवाळीच्या तोंडावर वाऱ्याचा एक झोत आला की आडवा होतो. दुसरी, करप्याला तो हक्काचं माहेर वाटतो. त्यामुळे दरवर्षी थोडं थोडं शिवार जाड, खात्रीच्या भाताकडे जातं. माझ्या साडेतीन एकरांत आता वासाचा भात बारा गुंठे आहे, तोही घरच्यापुरता.

चार वर्षांपूर्वी मीच एका दुकानातून ‘ह्याला करपा येत नाही’ असं सांगून दिलेलं बी आणलं होतं. दुकानदार खोटं बोलला नव्हता. करपा खरंच कमी आला, सुगी चांगली झाली. नव्या तांदळाचा पहिला भात सासूबाईंना वाढला. त्यांनी एक घास घेतला, ताट हळूच बाजूला सारलं आणि म्हणाल्या, “म्हशीला घाल की हे.”

तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारीची जीभ. पुढं वाचनात आलं की जीभ बरोबर होती, आणि त्यामागे विज्ञान आहे. तुम्हाला हे ठाऊकच असणार, पण हे पत्र इतरांनीही वाचावं म्हणून लिहिते. जपानमध्ये कोरडवाहू भाताची एक जुनी जात होती, तिला करपा फारसा लागत नसे. लोकांनी कित्येक दशकं तिचा गुण चांगल्या भातात आणायचा प्रयत्न केला. करपा जायचा, पण दर वेळी भात बेचव व्हायचा. कारण २००९ साली उलगडलं. पीआय २१ नावाचं एक जनुक रोपाच्या प्रतिकाराला लगाम घालतं; त्या जुन्या जातीत ते निकामी झालेलं होतं, म्हणून रोप मोकळेपणी लढायचं. पण त्या जनुकाला अगदी खेटून चव बिघडवणारं दुसरं एक जनुक बसलेलं. संकर करताना दोघंही जोडीनं यायचे, लग्नात नवऱ्याबरोबर त्याचा भांडकुदळ भाऊही घरी यावा तसे.

संकराला त्या दोघांची ताटातूट करायला पिढ्यान् पिढ्या लागतात. कात्रीला भाऊ आणावाच लागत नाही. आपल्याच भातातलं पीआय २१ जागच्या जागी बंद करायचं, बाकी वही जशीच्या तशी. हे प्रयोगशाळांमध्ये करून बघितलं गेलं आहे. उंचीचंही तेच. हरितक्रांतीत ज्या जनुकामुळे भात बुटका झाला, ते एसडी १ सुद्धा मुळात एक मोडलेलं जनुक आहे. एका बुटक्या चिनी जातीत निसर्गानंच त्याचा तुकडा गाळला होता.

आणि सगळ्यात गंमत वासाची. बासमतीला आणि जगातल्या बहुतेक सुवासिक तांदळांना जो वास येतो, तोही एक जनुक बिघडल्यामुळेच. बीएडीएच २ हे जनुक धड असेल तर वासाचं रसायन साठतच नाही. कधीतरी, कुठल्यातरी शेतात त्यातली आठ अक्षरं गळाली, कुणा बाईला शिजवताना वास आला आणि तिनं त्याच लोंबीचं बी वेगळं ठेवलं. आज दिल्लीत, हैदराबादेत जे चाललं आहे त्यातली निवड करण्याची अर्धी विद्या तिची आहे. म्हणूनच वाण निवडायच्या बैठकीत आमच्यापैकी कुणी असावं असं मला वाटतं. उपकार म्हणून नव्हे.

माझी मागणी सरळ आहे. तुमचं मुगदचं भात संशोधन केंद्र आमच्यापासून लांब नाही. तिथं किंवा धारवाडात जनुक संपादनाचं काम हाती घ्याल, तेव्हा बेळगाव-खानापूरच्या वासाच्या भाताचं वाण घ्या. उत्तरेच्या बासमतीला ही माया मिळाली आहे: दिल्लीच्या पुसा संस्थेनं पुसा बासमती १५०९ मध्ये करप्याची आणि कडा करप्याची प्रतिकारक जनुकं जुन्या पद्धतीच्या संकरातून, जनुकांच्या खुणा बघत बघत आणून २०२१ मध्ये पुसा बासमती १८४७ हे वाण दिलं. त्या बासमतीची निर्यात होते. युरोपनं २०१८ पासून तांदळातल्या ट्रायसायक्लॅझोलची, म्हणजे करप्यावर मारायच्या बुरशीनाशकाची, मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, त्यामुळे फवारणी कमी करणं तिथं गरजेचंच झालं. आमचा तांदूळ बेळगावच्या रविवार पेठेच्या पलीकडे फार तर पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडे जातो. त्याच्यासाठी कुणी मर्यादा घालत नाही. तेच ट्रायसायक्लॅझोल पाठीवरच्या पंपातून, तोंडाला टॉवेल बांधून आम्ही मारतो आणि तोच तांदूळ आमची पोरं खातात.

कात्रीनं सगळं होईल असा माझा समज नाही. दर पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगतो आणि आमच्या खालच्या पट्टीतला भात आठ-दहा दिवस पाण्याखाली जातो. पाण्याखाली तग धरण्याचा गुण ओडिशातल्या एका जुन्या भातातून आला. त्यातलं सब १ ए हे जनुक आमच्या बहुतेक वाणांत मुळात नाहीच. जे वहीत नाही ते खोडून कसं मिळणार? तिथं संकरच लागतो, स्वर्णा-सब १ तसंच तयार झालं. आणि नाल्याचा गाळ काढणं हे कुठल्याच जनुकाचं काम नव्हे, ते पत्र दुसऱ्या कार्यालयाला वेगळं लिहिलं आहे.

तसंच करपाही गप्प बसणारा नाही. बुरशी बदलते. एका जनुकावर उभा केलेला प्रतिकार चार-सहा वर्षांत ढासळल्याची उदाहरणं भातात आहेत. शिवाय रोगाला वाट देणारं जनुक बंद केलं की रोपालाही कधी कधी किंमत मोजावी लागते. गव्हातली भुरी रोखण्यासाठी २०१४ साली चीनमध्ये एमएलओ जनुकं बंद केली, भुरी थांबली पण वाढीवर परिणाम झाला. तो दोष काढायला आणखी आठ वर्षं गेली. म्हणून आमच्या शिवारात चाचणी घ्याल तेव्हा एका हंगामावर ‘झालं’ म्हणू नका.

तुमच्या विद्यापीठावर माझा विश्वास आहे, आणि तो कागदावरचा नाही. सोयाबीनवर तांबेरा आला तेव्हा कृष्णा-वेदगंगेच्या पट्ट्यात जेएस ३३५ या वाणाची पानं पंधरा दिवसांत झडायची. तुम्ही डीएसबी २१ दिलं, साध्या संकरातून, आणि चिकोडी-निपाणीकडच्या माझ्या माहेरच्या लोकांनी पुन्हा सोयाबीन धरलं. पलीकडून, महाराष्ट्रातून, कसबे डिग्रजचं फुले संगम हे वाणही येतं. माझा भाऊ दोन्ही पेरतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तांबेऱ्याचे बीजाणू तारखेला थांबत नाहीत, आणि बियाणंही सोयऱ्यांच्या पिशवीतून चंदगडहून इकडं आणि इकडून तिकडं जातच असतं. संपादित वाणही तसंच जाईल, हे धरूनच नियम करा.

नियमांवरून आठवलं. ३० मार्च २०२२ च्या केंद्राच्या आदेशानं, ज्या संपादित रोपांत परकं जनुक उरत नाही त्यांना १९८९ च्या जैवसुरक्षा नियमांतल्या मोठ्या तपासणीतून सूट मिळाली. वैज्ञानिक दृष्टीनं मला ते पटतं. पण त्या सुटीबरोबर आणखी एक गोष्ट सुटली. २०१० मध्ये बीटी वांग्याच्या वेळी देशात सात ठिकाणी जनसुनावण्या झाल्या, एक बेंगळुरूला. गोंधळ झाला, आरडाओरडा झाला, शेवटी स्थगिती आली. कुणाला आवडलं, कुणाला नाही. पण लोकांना विचारलं होतं. संपादित भाताला ती पायरीच उरली नाही. मग जीएममुक्त भारत आघाडीसारख्या संघटना चाचणीच्या आकड्यांवर आक्षेप घेतात, परिषद ते फेटाळते, आणि आम्ही पेपरात दोन्ही बाजू वाचून पेपर घडी करून ठेवतो. मुगदला ज्या वाफ्यात जे पिकलं त्याचे आकडे, चांगले-वाईट सगळे, रयत संपर्क केंद्राच्या भिंतीवर लावा. आक्षेप घेणाऱ्यांची निम्मी हवा तिथंच जाईल. आक्षेप खरे असतील तर तेही आम्हाला कळू दे.

बियाण्याच्या हक्काबद्दल गावात सगळ्यात जास्त प्रश्न आले. २००१ चा वाण संरक्षण कायदा आम्हाला बी राखायची, पेरायची, वाटायची, नाममुद्रा न लावता विकायचीही मुभा देतो. पण क्रिस्परची पेटंटं परदेशी विद्यापीठांकडे आणि कंपन्यांकडे आहेत. कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेनं टीएनपीबी नावाच्या लहान प्रथिनावर स्वतःची कात्री तयार केली आहे आणि तिला भारतीय पेटंट मिळालं आहे, हे वाचून बरं वाटलं. आमच्या वाणाला हात लावाल तर शक्यतो तीच वापरा, आणि पहिल्या दिवशी लिहून द्या की घरचं बी घरी राखलं म्हणून कुणाच्या दारात नोटीस येणार नाही. ज्या लोंब्या आमच्या आज्या-पणज्यांनी फुकट निवडल्या, त्या आम्हाला विकत घ्याव्या लागू नयेत.

शेवटची गोष्ट भाषेची, आणि कृपा करून तिच्यात राजकारण शोधू नका. आम्हाला कानडी येतं. एपीएमसीत दर पाडणाऱ्याशी भांडण्यापुरतं तर झकास येतं. पण ‘दर एकरी नत्र इतकंच द्या, जास्त दिलं तर करपा वाढेल’ हे वाक्य माणसाला आपल्या भाषेत वाचायला लागतं. त्या ‘करपा येत नाही’वाल्या पिशवीवर कानडी आणि इंग्रजी होतं. माझ्या शेजाऱ्यानं तेच बी नेलं, दुकानात ऐकलं तेवढंच लक्षात ठेवलं आणि नेहमीच्या हिशेबानं युरिया टाकला. त्याचं भात कंबरेएवढं हिरवंगार झालं आणि दसऱ्याच्या आधीच झोपलं. एका कार्यालयात मी मराठी पत्रकाची चौकशी केली तर समोरच्या तरुणानं अगदी नम्रपणे सांगितलं, “मॅडम, तुम्हीच भाषांतर करून द्या की.” मी दिलं. अजून छापलेलं नाही.

तर संपादित वाणाच्या पिशवीवर एवढं असू द्या: मूळ वाण कोणतं, कोणतं जनुक बंद केलं, त्यानं काय होईल आणि काय होणार नाही, खत किती. कानडीत, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जाणाऱ्या पिशव्यांवर मराठीतही. चिठ्ठी घातली तरी चालेल. आधीचं भाषांतर माझ्याकडे अजून आहे, त्यात चार ओळी वाढवायच्या एवढंच.

पितृपक्षाच्या सुमारास आमच्या लोंब्या बाहेर पडतात. त्या आठवड्यात या. सकाळी सातच्या आत या, दव असताना, म्हणजे ठिपका नीट दिसेल. गमबूट आणा, बांध निसरडे असतात. बारा गुंठ्यांतलं वासाचं भात मी या वर्षीही ठेवलं आहे, नमुन्याला जितकं लागेल तितकं घेऊन जा. जेवणाची सोय घरी आहे. सासूबाई आता नव्वदीच्या आहेत, पण भात त्यांनी चाखल्याशिवाय पाहुण्यांना वाढत नाही.

आपली,
येळ्ळूर शिवारातली एक भातकरी बाई
ता. जि. बेळगाव